सोलापूरची खानेसुमारी

शहराची वस्ती वाढली म्हणजे त्याची भरभराट झाली, असें आपण सहज धरून चालतों. सोलापूरचे खानेसुमारीचे आंकडे चाळतांना आम्हांस हा समज तपासून पाहावासा वाटला.

१९०१ सालीं सोलापूरची वस्ती ७५,२८८ होती. आजच्या महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर मुंबई, पुणें व नागपूर हीं तीनच शहरें तिच्या पुढें होतीं. नाशिक तर अवघें २१,४९० वस्तीचें गांव. १८६० सालीं येथें आगगाडी आली, १८७७ सालीं जुनी गिरणी निघाली, मागाहून लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णु या गिरण्या उभ्या राहिल्या. दुष्काळानें नाडलेला कुणबी भोंग्याच्या हांकेस आला. तेलंगणांतून पद्मशाली विणकर बायकामुलांसह आले. शहराच्या पूर्व भागांत आजही घरोघर तेलुगू ऐकूं येते. १९२१ सालीं वस्ती १,१९,५८१ झाली, १९५१ सालीं २,७७,०८७. ही वाढ पोटामागें चालत आलेल्या माणसांची होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गिरण्या एकेक करून बंद पडल्या. तरीही १९९१ ते २००१ या दशकांत वस्ती ६,०४,२१५ वरून ८,७२,४७८ वर गेली! शेंकडा ४४ ही वाढ पाहून परका माणूस थक्क होईल. सोलापूरकर होणार नाहीं. १९९२ सालीं हद्दवाढ होऊन भोंवतालचीं गांवें आंत आलीं व तेहतीस चौरस किलोमीटरांचें शहर सुमारें १७८ चौरस किलोमीटरांचें झालें. माणसें जागच्या जागींच होतीं. कित्येक शेतकरी नांगर न सोडतां नागरिक झाले, इतकेंच.

पुढील दशकांत हद्द तीच राहिली आणि खरा प्रकार दिसूं लागला. २०११ सालीं वस्ती ९,५१,५५८ भरली. वाढ शेंकडा ९. त्याच दशकांत नाशिक शेंकडा ३८ नें वाढून १४,८६,०५३ वर पोंचलें. (नाशिकनेंही पूर्वीं शेजारचीं गांवें पोटांत घेतलीं होतीं, हें खरें, पण या दशकाची वाढ त्या खात्यावर टाकतां येत नाहीं.) एके काळचें चौथें सोलापूर महानगरपालिकांच्या यादींत अकरावें ठरलें.

जन्ममृत्यूंच्या वजाबाकीनेंच शेंकडा नवाहून अधिक वाढ व्हावयाची. तेव्हां येणाऱ्यांपेक्षां जाणारे अधिक झाले, असें मानणें भाग आहे. ज्या लोहमार्गानें मजूर आणले, त्याच लोहमार्गानें शिकलेला मुलगा पुण्यास जातो व तेथल्याच गणतींत धरला जातो. सोलापूरच्या घरीं गणनेच्या कागदावर दोन म्हातारीं माणसें उरतात.