इलेक्ट्रॉनची रांग अडते तेव्हा

पहाटे ५.००
समजा, साठीतले एक गृहस्थ गाढ झोपेत आहेत. त्यांच्या हृदयस्नायूच्या प्रत्येक पेशीचा सुमारे तिसरा हिस्सा मायटोकॉन्ड्रियांनी भरलेला आहे. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तिथे एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे उतरत जातात. सुटणाऱ्या ऊर्जेवर प्रोटॉन मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलापलीकडे ढकलले जातात आणि ते परत आत येताना एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन, घडतो. पटल जेमतेम पाच-सहा नॅनोमीटर जाडीचे, त्यावर सुमारे १५० मिलिव्होल्टचा विद्युतदाब; मीटरच्या हिशेबात जवळपास ३ कोटी व्होल्ट. पीटर मिचेल यांनी १९६१ साली ही कल्पना मांडली तेव्हा बहुतेकांनी ती झिडकारली, आणि १९७८ साली तिलाच नोबेल मिळाले. वाटेच्या शेवटी ऑक्सिजन असतो. त्याचा एक रेणू चार इलेक्ट्रॉन घेतो आणि पाण्याचे दोन रेणू तयार होतात. आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन बहुतांशी याच कामी येतो.

५.४०
हृदयविकाराचे झटके सकाळच्या प्रहरी जास्त येतात. या गृहस्थांच्याही हृदयाच्या रक्तवाहिनीतल्या चरबीच्या थराला तडा जातो, त्यावर गुठळी धरते, पुढचे रक्त थांबते. काही सेकंदांत पेशीतला उरलासुरला ऑक्सिजन संपतो. रेशन दुकानात अंगठ्याचे यंत्र बंद पडले की रांग जशी रस्त्यापर्यंत तुंबते, तसे इलेक्ट्रॉन शेवटच्या प्रथिनापासून मागे मागे तुंबत जातात. एटीपीची शिल्लक मोजक्या ठोक्यांपुरतीच.

५.४१
स्नायूचा तेवढा भाग आकुंचन पावणे सोडतो.

५.५०
एटीपी घडवणारे यंत्र आता उलटे फिरते. पटलावरचा दाब टिकवण्यासाठी ते उरलेला एटीपी मोडू लागते. पेशी आंबट होत जाते आणि तिच्यात सक्सिनेट नावाचे द्रव्य साठू लागते. त्याच्यात अडकलेले इलेक्ट्रॉन पुढे घात करणार आहेत.

६.००
वीसएक मिनिटे झाली. इथवर रक्त परतले तर बहुतेक पेशी वाचतात. छातीतल्या दुखण्याने ते जागे झालेले असतात; घरात मात्र ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडा दिला जातो, छातीला बाम चोळला जातो. सगळे मायेनेच होते, म्हणून जास्त जिवाला लागते. १०८ ला फोन करायची वेळ हीच.

६.२०
चाळीस मिनिटे झाली. रायमर, जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. रक्तवाहिनी ४० मिनिटे बंद ठेवली तेव्हा धोक्यातल्या स्नायूचा सुमारे ३८ टक्के भाग मेला. तीन तासांनी ५७, सहा तासांनी ७१. मरण हृदयाच्या भिंतीच्या आतल्या अंगाकडून बाहेर सरकत जाते. माणसात हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत, दिशा मात्र हीच.

८.१०
रुग्णालय, ईसीजी, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन.

९.००
वाहिनी मोकळी होते, ऑक्सिजन परततो. आणि याच मिनिटांत दुसरा घाव बसतो. केंब्रिजच्या मायकेल मर्फी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली तो उलगडला: साठलेले सक्सिनेट एकदम जळू लागते, त्याच्या इलेक्ट्रॉनचा लोंढा साखळीतल्या पहिल्या प्रथिनसंकुलात उलटा शिरतो, आणि तिथे काही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला एकेकटे चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड हे पेशीला इजा करणारे द्रव्य होते. चार इलेक्ट्रॉन मिळाले असते तर त्या ऑक्सिजनचे निमूट पाणी झाले असते. दरम्यान साठलेल्या कॅल्शियमने आधीच फुगलेल्या मायटोकॉन्ड्रियांत आता भोके पडतात आणि तगून राहिलेल्या काही पेशीही जातात.

तरीही वाहिनी उघडावीच लागते. न उघडलेल्या वाहिनीपुढचा स्नायू हळूहळू जवळजवळ सगळाच जातो. सक्सिनेटचे ज्वलन रोखणाऱ्या मॅलोनेटने प्राण्यांत ही इजा कमी झाली आहे. रुग्णाच्या खाटेपर्यंत ते अजून आलेले नाही.

११.४०
सहा तास. मेलेल्या पेशींची प्रथिने रक्तात उतरली आहेत, त्यांतल्या ट्रोपोनिनचा आकडा चढतो आहे. वाचलेल्या पेशींत इलेक्ट्रॉन पुन्हा सुरळीत ऑक्सिजनपर्यंत जात आहेत, पण त्यांतल्या पुष्कळशा अजून आकुंचन पावत नाहीत. त्यांना कामाला लागायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतील.