वेताळ पंचविशी : पुन्हा वाचताना

वाचकहो, ज्या पुस्तकानं लहानपणी आपल्याला अंथरुणात पाय पोटाशी घ्यायला लावले, ते मोठेपणी एकदा पुन्हा वाचून पाहावं. पुस्तक तेच असतं, पण भीतीनं आपली जागा बदललेली असते. मराठी मुलखातल्या कित्येक पिढ्यांचं असं पुस्तक म्हणजे 'वेताळ पंचविशी'. वद्य चतुर्दशीची काळोखी रात्र, मसणवट, झाडाला लोंबणारं प्रेत, ते खांद्यावर टाकून मुकाट्यानं चालणारा राजा, आणि एकाएकी पाठीमागून येणारा आवाज! एवढं वाचलं की कंदिलाची वात मोठी करावीशी वाटायची.

या गोष्टी किती जुन्या? अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेव पंडितानं राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी 'कथासरित्सागर' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात वेताळाच्या या कथा आहेत. मौज अशी की, ग्रंथ काश्मिरातला, पण त्यातला राजा आपल्याकडचा! त्रिविक्रमसेन त्याचं नाव आणि गोदाकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आजचं पैठण, ही त्याची राजधानी. पुढं लोकांच्या तोंडी तोच विक्रम झाला आणि उज्जयिनीच्या गादीवर जाऊन बसला. १८३० साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी वेताळ पंचविशी मराठीत छापून आणली. मराठी छापील गद्य तेव्हा नुकतं कुठं पाऊल टाकू लागलं होतं.

आता मोठ्या माणसाच्या डोळ्यांनी पाहा बरं. या पुस्तकात वेताळ कुणाचं वाईट करतो? कुणाचंच नाही. तो गोष्ट सांगतो, प्रश्न विचारतो आणि शेवटी राजाचा जीव वाचवतो. कोकणात आणि गोव्यात तर वेताळ हा गावाचा देव आहे. रात्री तो शिवेवर फिरून राखण करतो, अशी श्रद्धा. चालून चालून वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा वाहतात.

खरा भयंकर आहे तो भिक्षू. तो दहा वर्षं रोज दरबारात येतो आणि राजाच्या हातावर एक फळ ठेवतो. मागणं काहीच नाही. एके दिवशी एक माकड ते फळ फोडतं आणि आतून रत्न निघतं. राजा उपकाराखाली दबतो आणि मसणवटीतून प्रेत आणायचं कबूल करतो. भिक्षूला मात्र राजाचाच बळी द्यायचा असतो. भुताला भ्यायला लहान मूल पुरे. काही न मागता दहा वर्षं देत राहणाऱ्या माणसाला भ्यायला मात्र थोडं जग पाहिलेलं असावं लागतं.

दुसरी जागा वीरवराच्या कथेत. हा शूद्रक राजाचा चाकर. मध्यरात्री त्याला एका बाईचं रडणं ऐकू येतं. ती साक्षात पृथ्वी! राजा तीन दिवसांत मरणार, पण वीरवरानं पोटचा मुलगा देवीला दिला तर वाचेल, असं ती सांगते. वीरवर घरी येतो आणि झोपलेल्या पोराला उठवतो. मुलगा आनंदानं तयार होतो. मग एकामागून एक सगळं कुटुंब प्राण देतं. राजा हे आडून पाहतो आणि स्वतःही मरायला निघतो, तेव्हा देवी सर्वांना जिवंत करते.

वेताळ विचारतो, यात सर्वांत थोर कोण? राजा उत्तर देतो, शूद्रक. कारण चाकरानं धन्यासाठी मरणं ही रीतच आहे, धनी चाकरासाठी मरायला उठला हे विशेष. लहानपणी हा निवाडा झटकन पटतो. घरात मूल वाढवलेल्या माणसाचा डोळा मात्र त्या झोपेतून उठवलेल्या पोरावरून हलत नाही. वेताळ त्याचीही बाजू मांडतो. राजा म्हणतो, तो आपल्या कुळाला शोभेसाच वागला. झालं, विषय संपला! ज्या समाजात चाकराच्या लेकराचा जीव असा एका वाक्यात निकालात निघत होता, त्याची नोंद या पानावर आहे. इतिहासाच्या पुस्तकात राजांच्या सनावळ्या मिळतात. ही नोंद भुताच्या पुस्तकात सापडते.

वेताळाची अट आठवते ना? उत्तर ठाऊक असून गप्प बसलास, तर डोकं फुटेल. बोललास, तर प्रेत परत झाडावर. राजा बोलत राहतो आणि पुन्हा पुन्हा मसणवटीत फिरत राहतो. शेवटच्या कोड्याचं उत्तर त्याला येत नाही. तो गप्प राहतो, आणि त्याच मौनावर वेताळ खूष होऊन भिक्षूचं कपट उघड करतो. येत असून दडवणं हा गुन्हा. येत नसताना गप्प राहणं हा गुन्हा नाही. गुरुजी, ही अट आपल्या वर्गालाही लावून पाहण्यासारखी आहे.

म्हणून एक विनंती. मुलांना या गोष्टी जरूर सांगा, भीतीसकट सांगा. पण राजाच्या उत्तराशी येऊन थोडं थांबा आणि मुलांनाच निवाडा करू द्या. वीरवराच्या पोराची बाजू घेऊन एखादं मूल उठेल. त्याला खाली बसवू नका.