तळटीप : ‘आठ एमएमचा प्रोजेक्टर’

७. जालना एमआयडीसीतल्या सळई कारखान्यावरच्या या प्रकरणात हा शब्द सरसकट आला आहे, पण आठ एमएमच्या फिल्ममध्ये दोन मुख्य जाती आहेत : कोडॅकची १९३२ची ‘रेग्युलर एट’ आणि १९६५ची ‘सुपर एट’. रुंदी तीच, भोकं निराळी. रेग्युलरची भोकं मोठी, दोन चौकटींमधल्या रेषेवर. सुपरची बारीक, चौकटीच्या मध्यावर, म्हणून चित्राला जवळजवळ दीडपट जागा. चौकटींतलं अंतरही ३.८१ मिमीऐवजी ४.२३. त्यामुळे एका जातीच्या यंत्राचा पंजा दुसऱ्या फिल्मला नीट ओढत नाही. चित्र उड्या मारतं, भोकं फाटतात. दोन्ही चालवणाऱ्या यंत्रांना त्यासाठी वेगळी कळ असते. फुजीची ‘सिंगल एट’ मात्र सुपरच्या यंत्रावर चालते. फिल्मची जात ओळखताना रिळावर भिस्त ठेवू नये, ते बदललेलं असू शकतं. फिल्म उजेडात धरून भोकंच पाहावीत.

घरगुती फिल्म बहुधा रिव्हर्सल असे : कॅमेऱ्यातून निघालेली पट्टीच धुऊन पडद्यावर दाखवायची, निगेटिव्ह नाहीच. म्हणजे लग्नाचं असं रीळ ही एकुलती प्रत. जालन्याच्या उन्हात पत्र्याच्या कपाटात राहिलेल्या अशा रिळाला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर कृपया ते यंत्रावर चढवू नका.