छायाचित्र-संस्करण

छायाचित्र-संस्करण : छायाचित्रातील डाग व ओरखडे नाहीसे करणे, छटा सुधारणे, नको तो भाग वगळणे किंवा दोन चित्रे जुळविणे, या क्रियांना ही संज्ञा लावतात. ही कला संगणकाच्या फार पूर्वीची आहे. मुंबईत बाँबे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. तिच्या संस्थापक सदस्यांपैकी विल्यम जॉन्सन याने ‘ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बाँबे’ हा ग्रंथ दोन खंडांत (१८६३ व १८६६) प्रसिद्ध केला. त्यात विविध जातिजमातींच्या व्यक्तींची चित्रे मूळ पार्श्वभूमीपासून अलग करून अन्यत्र टिपलेल्या दृश्यांवर बसविलेली आढळतात. यांपैकी काही व्यक्तिसमूह ‘इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक ॲल्बम’ मध्ये (१८५६–५८) आधीच आले होते, म्हणूनच ही जुळणी ताडून पाहता येते. मानवजातिवर्णनाच्या आरंभीच्या सचित्र ग्रंथांत याची गणना होत असल्याने ही बाब गौण म्हणता येणार नाही : वेशभूषेसाठी त्याचा आधार घेता येईल, स्थळासाठी मात्र नाही.

थॉमस व जॉन नॉल या अमेरिकन बंधूंच्या ‘फोटोशॉप’ (१९९०) या प्रणालीमुळे हीच कामे पडद्यावर, चित्रबिंदूंवर होऊ लागली. साठवणीचा प्रश्न मात्र नवा आहे. जेपीईजी स्वरूपातील चित्र दुरुस्त करून पुनःपुन्हा साठविल्यास दरवेळी काही तपशील गळतो. हानिरहित टिफ स्वरूपात तसे होत नाही. काचेवरील निगेटिव्ह निदान कपाटात उरत असे. मूळ फाइलीवरच दुरुस्त चित्र साठविले, तर ताडून पाहण्यास काहीच उरत नाही. यासाठी अभिलेखागारांत मूळ फाइल व संस्कारित प्रत वेगवेगळ्या ठेवतात.