गाडी खाली करण्याआधी

रोजच्या स्पोर्टी गाडीला आखूड, कडक स्प्रिंगा टाकणार होतो. सुट्टीत पुसदला गेलो, तर मिस्त्री म्हणाला, "भाऊ, इतकी खाली केल्यावर घरी कसे येसान?"

मग जरा इतिहास चाळला. १८०४ मध्ये इंग्लंडच्या ओबाडाया इलियटने घोडागाडीच्या कमानी पाट्यांचं पेटंट घेतलं. धक्के कमी झाले, पण स्प्रिंग एकदा दबली की हलतच राहते! तिला आवरायला पुढे शॉकअप आले. अर्ल मॅकफर्सनने स्प्रिंग आणि शॉकअपची एकत्र जोडी केली; १९५० च्या फोर्ड कॉन्सलमध्ये ती होती. आज बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे तीच असते.

म्हणजे नुसती स्प्रिंग बदलली, तर जुन्या शॉकअपला ती आवरत नाही, आणि खड्ड्यात दबायला जागाही कमी उरते. शेवटी ठरलं: उंची कंपनीचीच, शॉकअप मात्र चांगले. घरी जायचंय ना राव!