न उठणारे यंत्र : स्वतः बांधलेल्या कर्नलचा इतिहास (धागा)

१/
ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. डिस्क, मेमरी, पडदा आणि की-बोर्ड यांच्याशी तो थेट बोलतो आणि इतर सर्व प्रोग्रामना त्यांचा वाटा देतो. लिनक्सचा कर्नल सोर्स कोडपासून स्वतः बांधण्याची मुभा १९९१ पासून सर्वांना आहे. त्या मुभेइतकेच जुने एक भयही आहे : नवा कर्नल बसवला, यंत्र पुन्हा सुरू केले आणि ते उठलेच नाही तर? ज्या यंत्रावर दुरुस्ती करायची, तेच यंत्र बंद. या पेचाचा आणि त्यावर शोधलेल्या उपायांचा हा धागा.

२/
पेच लिनक्सच्या जन्माआधीचा आहे. यंत्र चालू करताना मेमरी रिकामी असते. डिस्कवरून प्रोग्राम आणायचा, तर आणणारा प्रोग्राम आधी मेमरीत हवा. १९७५ च्या ‘अल्टेअर ८८००’ या संगणकात वापरकर्ता पुढच्या फलकावरील स्विच खालीवर करून पहिल्या सूचना हाताने भरत असे. ‘बूट’ हा शब्दही येथूनच रुळला. स्वतःच्याच बुटाची पट्टी धरून स्वतःला वर उचलणे, अशी ती मूळ कल्पना.

३/
पुढे ही साखळी ठरून गेली. यंत्रातील कायमचा प्रोग्राम, म्हणजे बायोस, बूटलोडरला उठवतो. बूटलोडर कर्नलला मेमरीत आणतो. कर्नल मूळ फाइल-व्यवस्था जोडून घेतो आणि शेवटी ‘इनिट’ हा पहिला प्रोग्राम सुरू करतो. प्रत्येक टप्प्यावर सूत्रे पुढच्याच्या हाती जातात. यंत्र उठले नाही, तर पहिला प्रश्न नेहमी एकच असतो : सूत्रे नेमकी कोणाच्या हातून निसटली?

४/
कर्नलच हतबल झाला तर काय करावे, याचे उत्तर १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेतील युनिक्सने दिले. आधीच्या ‘मल्टिक्स’ प्रणालीत कोडचा फार मोठा भाग चुकांतून सावरण्यासाठी लिहिलेला होता. मल्टिक्सवर काम केलेल्या टॉम व्हॅन व्ह्लेक यांनी नोंदवलेल्या आठवणीनुसार डेनिस रिची यांनी त्यांना सांगितले, की युनिक्समध्ये तो सारा भाग गाळला. चूक झाली की ‘पॅनिक’ नावाचे एक फंक्शन यंत्र थांबवते आणि मग कोणीतरी ओरडून ते पुन्हा सुरू करायला सांगतो. लिनक्सच्या पडद्यावर आजही दिसणारे ‘कर्नल पॅनिक’ हे शब्द त्या परंपरेतले आहेत.

५/
सप्टेंबर १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी ०.०१ ही आवृत्ती खुली केली. जेमतेम १०,२३९ ओळी. तिच्या एका फाइलमध्ये हार्ड डिस्कचे वर्णन थेट कोडमध्येच लिहिलेले होते आणि पर्याय दोनच होते : एक ‘लिनस’ यांच्या यंत्राचा, दुसरा ‘लासू’ म्हणजे त्यांचे मित्र लार्स विर्झेनियस यांच्या यंत्राचा. जगात इतर कोणाला हा कर्नल चालवायचा असेल, तर ती फाइल स्वतः बदलणे भाग होते. कर्नल ‘स्वतःच्या यंत्रासाठी बांधणे’ हा त्या काळी छंद नव्हता. दुसरा मार्गच नव्हता.

६/
मूळ डिस्क कोणती, ही माहिती लवकरच बूट-सेक्टरमधील दोन बाइटांत, ५०८ व्या स्थानी ठेवली जाऊ लागली. ‘आरडेव्ह’ नावाची छोटी आज्ञा देऊन बांधलेल्या कर्नलमधील तेवढेच दोन बाइट बदलता येत. ही माहिती चुकली, की निरोगी कर्नल निरोगी डिस्क शेजारी असूनही भलत्याच दारावर थाप मारी. पुढील तीस वर्षांतील बहुतेक बिघाडांचे बीज या दोन बाइटांत आहे. आपले घर कोठे आहे, हे कर्नलला कोणी सांगायचे?

७/
डिसेंबर १९९१ मधील ०.११ ही आवृत्ती चालू लिनक्सवरच पुन्हा बांधता येऊ लागली. तोवर टोरवाल्ड्स यांना ‘मिनिक्स’ ही दुसरी प्रणाली लागत असे. त्याच सुमारास त्यांनी मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्कलाच डायल करण्याची आज्ञा दिली आणि मिनिक्सचा विभाग खराब झाला. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी त्यांनी लिनक्सवरच पुढे जायचे ठरवले. परतीचा रस्ता असा अपघाताने बंद झाला. इतरांना मात्र तो जपण्याची गरज पुढे पदोपदी जाणवणार होती.

८/
आरंभी कर्नल फ्लॉपीवरून सुरू होई. बिघडला तर दुसरी फ्लॉपी घालावी, एवढा सोपा इलाज. वेर्नर आल्म्सबर्गर यांच्या ‘लिलो’ या बूटलोडरने १९९२ पासून हार्ड डिस्कवरून अनेक कर्नल निवडण्याची सोय केली. लिलोला फाइलचे नाव कळत नसे. कर्नल डिस्कच्या कोणकोणत्या सेक्टरांत आहे, याची यादी आधी तयार करून तो जवळ बाळगी. नवा कर्नल जागेवर ठेवला आणि लिलोची आज्ञा पुन्हा चालवायला विसरले, तर यादी जुन्याच सेक्टरांकडे बोट दाखवी. त्या दशकातील असंख्य यंत्रे एवढ्याच विसराळूपणाने अडली.

९/
लिलोचे निदानशास्त्र मात्र सुबक होते. स्वतःच्या नावाची चार अक्षरे तो एकेक टप्पा पार पडेल तसतशी उमटवी. एकही अक्षर नाही : लिलो मेमरीत आलाच नाही. केवळ ‘एल’ आणि पुढे एखादा अंक : पहिला भाग आला, दुसरा डिस्कवरून वाचता आला नाही. ‘एल-आय’ : दुसरा भाग आला, पण चालू शकला नाही. ‘एल-आय-एल’ : सेक्टरांची यादी वाचता आली नाही. चारही अक्षरे : सारे सुरळीत. कोठे अडले हे अर्धवट नावावरूनच कळे.

१०/
आणखी एक अडसर यंत्राच्या घडणीतच होता. जुन्या बायोसला डिस्कचे पहिले १०२४ सिलिंडरच दिसत. डिस्का मोठ्या होत गेल्या. नवा कर्नल त्या सीमेपलीकडे लिहिला गेला, की कालपर्यंत चालणारी रीत आज अकारण मोडल्यासारखी वाटे. म्हणून डिस्कच्या आरंभीच कर्नलसाठी वेगळा छोटा विभाग ठेवण्याची पद्धत पडली. कारण विस्मरणात गेले, तरी ‘बूट’ नावाचा तो विभाग अनेक यंत्रांवर पुढेही टिकून राहिला.

११/
१९९५ मध्ये एरिक बोलेन यांनी ‘ग्रब’ लिहिला. १९९९ मध्ये तो ग्नू प्रकल्पाचा अधिकृत भाग झाला. ग्रबला फाइल-व्यवस्था वाचता येते, त्यामुळे तो कर्नल नावाने शोधतो. शिवाय बूट होण्यापूर्वी पडद्यावरच आज्ञेची ओळ दुरुस्त करता येते. चुकीचे डिस्क-नाव दिले असेल, तर यंत्र उघडण्याची किंवा फ्लॉपी शोधण्याची गरज उरली नाही. लिलोचा विकास २०१५ च्या अखेरीस थांबला.

१२/
दरम्यान कर्नल फुगत होता. मार्च १९९४ मधील १.० आवृत्तीत पावणेदोन लाखांहून अधिक ओळी होत्या. ‘झेड-इमेज’ हे आवरण पीसीच्या ६४० केबी मूळ मेमरीत मावावे लागे. कर्नल मोठा झाला की बांधणीच नकार देई. त्यावर ‘बी-झेड-इमेज’ आले. त्यातील ‘बी’ म्हणजे ‘बिग’, एवढेच. दुसरा उपाय मॉड्यूलचा : जे ड्रायव्हर सतत लागत नाहीत, ते कर्नलबाहेर डिस्कवर ठेवायचे आणि गरजेनुसार आत घ्यायचे.

१३/
येथे बुटाच्या पट्टीचा जुना पेच नव्या वेषात परतला. डिस्क वाचणारा ड्रायव्हरच मॉड्यूल म्हणून डिस्कवर ठेवला, तर तो वाचायचा कशाने? किल्ली कुलपाच्या आत राहावी, तशी ही अवस्था. उपाय निघाला ‘इनिट-आरडी’चा : आवश्यक ड्रायव्हर भरलेली एक छोटी तात्पुरती फाइल-व्यवस्था बूटलोडर कर्नलबरोबरच मेमरीत आणतो. डिसेंबर २००३ मधील २.६ आवृत्तीपासून तिची जागा हळूहळू ‘इनिटरॅमएफएस’ने घेतली. कर्नल स्वतः बांधणारे अनेकजण हे गाठोडे नव्या कर्नलसाठी पुन्हा तयार करायला विसरतात.

१४/
त्या विस्मरणाचे फळ म्हणजे लिनक्सच्या इतिहासातील बहुधा सर्वांत परिचित मृत्युलेख : मूळ फाइल-व्यवस्था जोडता येत नाही, असे सांगणारा पॅनिक. त्याच्या शेवटी कंसात दोन अंक असतात आणि निदान त्यांत दडलेले असते. दोन्ही शून्य असतील, तर कर्नलला ती डिस्क ओळखताच आलेली नाही. ड्रायव्हर नाही किंवा नाव चुकले. अंक शून्याखेरीज असतील, तर डिस्कचा क्रमांक लागला आहे. बहुधा तिच्यावरील फाइल-व्यवस्थेचा ड्रायव्हर बांधायचा राहिला आहे.

१५/
नावेही स्थिर राहिली नाहीत. २००६–०७ च्या सुमारास जुन्या आयडीई ड्रायव्हरांची जागा ‘लिबएटीए’ घेऊ लागले आणि ‘एचडीए’ म्हणून वर्षानुवर्षे ओळखली जाणारी डिस्क ‘एसडीए’ झाली. डिस्क तीच, तार तीच, बदलले केवळ नाव. आणि यंत्र उठेना. म्हणून डिस्कला तिच्या फाइल-व्यवस्थेच्या यूयूआयडी या दीर्घ ओळखक्रमांकाने हाक मारण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यातही एक खोच आहे : हा क्रमांक कर्नलला स्वतःला कळत नाही, इनिटरॅमएफएसमधील साधने तो उलगडतात. ते गाठोडे नसेल, तर अचूक क्रमांकही निरुपयोगी ठरतो.

१६/
कर्नलने विचारलेल्या प्रश्नांची संख्या आज हजारोंत आहे आणि एक चुकीचे ‘नाही’ यंत्र अडवू शकते. स्टीव्हन रॉस्टेड यांचे ‘लोकलमॉडकॉन्फिग’ २.६.३२ आवृत्तीत (डिसेंबर २००९) आले. या क्षणी वापरात असलेली मॉड्यूल पाहून ते बाकीची गाळते. सोय मोठी, पण त्या क्षणी न जोडलेले उपकरणही त्यात गळते. म्हणून अनुभवी लोक चालू कर्नलची जुनी उत्तरपत्रिका आधार म्हणून घेतात आणि एका वेळी थोडेच बदलतात.

१७/
उत्तरे बरोबर असूनही नवी आवृत्ती उठली नाही, तर दोष कोडमध्ये असतो. २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनीच आरंभलेल्या ‘गिट’मध्ये त्यासाठी ‘बायसेक्ट’ आहे. चालणारी शेवटची आणि न चालणारी पहिली आवृत्ती सांगावी. ते मधला बदल निवडते, तो कर्नल बांधून पाहायचा, आणि प्रत्येक वेळी संशयितांची संख्या निम्मी होते. दहा हजार बदलांतून दोषी बदल चौदाएक बांधण्यांत सापडतो. सामान्य वापरकर्त्याच्या न उठणाऱ्या यंत्राला अशा रीतीने जगभरच्या कर्नलसाठी पुराव्याचे मोल आले.

१८/
२०१२ पासून नकाराचा एक वेगळा प्रकार दिसू लागला. विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ पसरले : मान्य स्वाक्षरी नसलेला कर्नल यंत्र सुरूच करीत नाही. चोरून घुसवलेल्या कोडपासून संरक्षण हा हेतू खरा. पण मालकाने घरी बांधलेला कर्नलही त्याच नजरेने परका ठरला. मॅथ्यू गॅरेट यांच्या ‘शिम’मुळे आणि मालकाला स्वतःची किल्ली यंत्रात नोंदवण्याच्या सोयीमुळे वाट निघाली. येथे कर्नल निर्दोष असतो. यंत्र कोणाचे ऐकणार, हा प्रश्न असतो.

१९/
या सर्व काळात एक नियम बदलला नाही : चालणारा जुना कर्नल पुसायचा नाही. लिलोमध्येच नवा कर्नल फक्त एकदा वापरून पाहण्याची सोय होती. पॅनिकनंतर ठरावीक सेकंदांनी यंत्र आपोआप पुन्हा सुरू व्हावे, असा पर्याय दिला, की दूरचे यंत्रही जुन्या कर्नलवर परत येई. २०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर आली. प्रणालीच्या दोन प्रती, नवी उठली नाही तर जुनी. अशा फोनच्या मालकाला त्याची वार्ताही नसते.

२०/
नोव्हेंबर २०२४ मधील ६.१२ आवृत्तीपासून पॅनिकचा तपशील क्यूआर कोडच्या रूपाने पडद्यावर दाखवण्याची सोय आहे. लिलोच्या अपुऱ्या नावापासून येथवरचा प्रवास पाहिला, तर प्रत्येक पिढीने दोनच गोष्टींची तजवीज केलेली दिसते : पडलेले यंत्र कोठे पडले ते सांगू शकावे, आणि पडण्याआधीच्या जागी परतता यावे. सोर्स कोड खुला असणे पुरेसे नव्हते. सामान्य माणसाने गाभ्याला हात लावण्याचे धाडस केले, ते या दोन सोयींच्या भरवशावर.

(धागा समाप्त)