हिरड्यांतून रक्त येते? खर्रा सोडा, दवाखाना गाठा

चंद्रपूर-गडचिरोलीत गावोगावी खर्रा घोटला जातो. सुपारी, तंबाखू, चुन्याचा हा तोबरा आपण ज्या गालात धरतो, तिथली हिरडी सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते.

हिरड्यांचा आजार दातांवरच्या जंतूंच्या चिकट थरापासून सुरू होतो. हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येते. या टप्प्यावर आजार पूर्ण बरा होतो. दुर्लक्ष केल्यास थराचे टणक कीटण बनते, हाड झिजते, दात हलतात. मग उपचाराने पुढची झीज थांबते, पण गेलेले हाड सहसा परत येत नाही.

रक्त येते म्हणून ब्रश थांबवू नका. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा दात घासा. मशेरी, गुडाखू टाळा. त्यातही तंबाखूच असते. कीटण दंतवैद्याकडूनच काढून घ्या. त्याने दात सैल होतात, हा गैरसमज आहे. मधुमेह असल्यास साखर ताब्यात ठेवा.

पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे, ही कर्करोगाच्या धोक्याची खूण असू शकते. लगेच तपासून घ्या.

राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, तरी खर्रा सुटलेला नाही. सुरुवात आपण कार्यकर्त्यांनी स्वतःपासून करू. विहाराच्या बैठकीत खर्रा नको.